सूज, शोथ की दाह?

प्रश्न असा आला आहे : 'लठ्ठपणामुळे शरीरात कमी दर्जाची जुनाट सूज राहते' असे वाक्य वाचले. ही सूज दिसत तर नाही, मग तिला सूज का म्हणायचे? आणि 'शोथ' बरोबर की 'दाह'?

हे इंग्रजी 'लो-ग्रेड क्रॉनिक इन्फ्लमेशन'चे भाषांतर आहे. आधी ते 'कमी दर्जाची' खोडा. हे शब्द ऐकले की माझे डोके फिरते. दर्जा कापडाचा असतो, शिक्षणाचा असतो. 'लो-ग्रेड'मधला ग्रेड ही तीव्रतेची पायरी आहे. लो-ग्रेड तापाला आपण 'कमी दर्जाचा ताप' म्हणतो का? बारीक ताप म्हणतो, कणकण म्हणतो. भाषेने तयार ठेवलेला शब्द सोडून शब्दकोशातला पहिला अर्थ चिकटवायचा, हा आळस आहे. 'क्रॉनिक' म्हणजे 'फार गंभीर' असे समजणारेही पुष्कळ भेटतात. क्रॉनिक म्हणजे जुनाट, जीर्ण. 'तीव्र' हा शब्द 'अक्यूट'साठी आहे.

आता सूज. पाय सुजतो, डोळा सुजतो, ते सर्वांना ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते तिच्या कुळाविषयी. संस्कृत धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मूळ धातूंच्या यादीत, एक धातू आहे : 'टुओश्वि गतिवृद्ध्योः'. मूळ धातू 'श्वि', अर्थ वाढणे, फुगणे. पुढची 'टु' आणि 'ओ' ही अक्षरे शोभेची नाहीत. 'टु' असल्यामुळे 'अथु' प्रत्यय लागतो आणि 'श्वयथु' तयार होतो, 'वेप्'पासून 'वेपथु' होतो तसाच. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला बारावा अध्याय या श्वयथूचाच आहे. 'ओ' असल्यामुळे भूतकाळवाचक 'त'चा 'न' होतो आणि 'शून' मिळतो, म्हणजे सुजलेला. शोथ याच धातूचा, आपले सुजणेही याच घरचे मानतात. आणि 'शून'पासून 'शून्य'! फुगलेले ते आतून पोकळ, पोकळ ते रिकामे. परंपरेतले वैयाकरण 'शून्य' हा शब्द 'श्वन्' म्हणजे कुत्र्यापासून काढतात : कुत्र्यांनाच योग्य अशी ओसाड जागा. रूप सिद्ध करायला ती व्युत्पत्ती पुरते, पण अर्थाचा धागा मला तिथे सापडत नाही. फुगण्यापासून पोकळीपर्यंतची वाट सरळ आहे.

याहून गोड गोष्ट पुढे आहे. 'शिशु' हा शब्दही संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्स याच धातूकडे नेतो : गर्भात वाढणारा, फुगणारा तो शिशु. शब्दांची व्युत्पत्ती सांगणारी जुनी उणादिसूत्रे मात्र 'शो तनूकरणे', म्हणजे बारीक करणे, या धातूकडे बोट दाखवतात. दिवसागणिक वाढणाऱ्या जिवाचे नाव बारीक करण्यावरून पडले, हे मला कितीही समजावले तरी पटणार नाही. मी मोनियर-विल्यम्सच्या बाजूने आहे. म्हणजे बघा, 'सूज म्हणजे बाळसे नव्हे' असे आपण बजावतो आणि व्युत्पत्तीत सूज आणि शिशु सख्खी भावंडे निघतात!

शरीरशास्त्रात मात्र म्हणच खरी. बाळसे म्हणजे निरोगी मेद. लठ्ठपणात, विशेषतः पोटातल्या अवयवांभोवतीच्या मेदात, वेगळेच काही चालते. मेदपेशी फुगत जातात, त्यांना प्राणवायू अपुरा पडू लागतो, काही पेशी मरतात. मेलेल्या पेशीभोवती मॅक्रोफेज या भक्षक पेशी मुकुटासारखे कडे करून बसतात. १९९३ साली हॉटामिस्लिगिल आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ उंदरांच्या मेदात टीएनएफ-अल्फा हे दाहजनक प्रथिन वाढलेले दाखवले. २००३ साली दोन वेगवेगळ्या गटांनी मेदात या भक्षक पेशींची गर्दी दाखवली. अशी प्रथिने इन्सुलिनचा निरोप पेशीत पोहोचू देत नाहीत आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. यात बाहेरून सुजलेले काहीच नसते. रक्तातल्या सीआरपीवरून (दाहात वाढणारे एक प्रथिन) सुगावा लागतो : मोठ्या जंतुसंसर्गात तो लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या वर जातो, इथे बहुधा ३ ते १० च्या आसपास रेंगाळतो.

म्हणूनच मला 'शोथ' मान्य नाही. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन वैद्यक-लेखकाने इन्फ्लमेशनची चार लक्षणे सांगितली : लाली, सूज, उष्णता, वेदना. शोथ हे त्यांतले एकच लक्षण, आणि प्रस्तुत प्रकारात नेमके तेच दिसत नाही. मराठी विश्वकोशाच्या वैद्यकीय नोंदींत 'शोथ (दाहयुक्त सूज)' असे लिहिलेले आढळते. शब्दाला पदोपदी कंसाची कुबडी लागत असेल, तर तो शब्द तिथे पुरा पडत नाही, हे संपादकांच्या लक्षात यायला हवे होते. लॅटिन 'इन्फ्लमारे' म्हणजे पेटवणे. 'दह्' म्हणजे जाळणे. जोडी समोर उभी आहे, आणि आंत्रपुच्छदाह (अपेंडिसायटिस) हा शब्द आपण वापरतोच. दाह म्हणजे जाणवणारी आग, म्हणून तो नको, असा आक्षेप घेतात. लॅटिन शब्दही आधी साध्या आगीचाच होता. वैद्यकाने त्याचा अर्थ घडवला, तसा आपणही घडवू.

'सूज घालवा, वजन आपोआप उतरेल' हे जाहिरातीतले वाक्य तर दुहेरी चूक आहे. वजन उतरले की सीआरपी खाली येतो, हे नीट दिसलेले आहे. उलट्या दिशेची हमी कोणी देऊ नये. आणि मेद म्हणजे सूज नव्हे. सूज बहुधा पाण्याची असते, दाबली की अनेकदा खळगा पडतो.

लो-ग्रेडसाठी 'मंद' चालेल, पण माझी पसंती 'धुमसता' या शब्दाला. ज्वाळा नाही, निखारा विझतही नाही, धूर निघत राहतो : आजाराची चाल नेमकी अशीच आहे, आणि 'धुमसणे' हे 'धूम'चेच लेकरू. मग ते वाक्य असे लिहा : 'लठ्ठपणात मेदामध्ये जुनाट दाह धुमसत राहतो.'