१७७ च्या किटला कार्ब किती मोठा?

एलएमएल वेस्पाला ६३ मिमी बोअरचं १७७ सीसीचं किट (मोठा सिलिंडर-पिस्टन) बसवलंस, झकास. पण म्हणून लगेच २८-३० मिमीचा कार्ब (कार्ब्युरेटर) शोधत बसू नकोस. कार्ब गरजेपेक्षा मोठा झाला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोलचा नीट फवारा होत नाही आणि सिग्नलवरून उचलताना गाडी भुर्रऽऽ करून बसते.

सायलेन्सर कंपनीचाच असेल तर मूळचा २०/२० कार्बसुद्धा चालतो, फक्त मेन जेट (पेट्रोलचं माप ठरवणारं छिद्र) वाढवावा लागतो. एक्सपान्शन पाइप (फुगीर पोटाचा टू-स्ट्रोक सायलेन्सर) लावणारच असशील तर पीएक्स २०० ला येतो तो २४/२४ घे. कार्बच्या जुन्याच डब्यात बसतो, फिल्टरसकट. मात्र केसिंगचं (इंजिनच्या कवचाचं) तोंड त्याच्यापेक्षा लहान असतं. तिथे पायरी राहिली तर पैसे पाण्यात. तोंड घासून जुळव, पण इंजिन पूर्ण खोललेलं असतानाच, नाहीतर कीस थेट क्रँकवर. आणि रोटरी पॅडला (केसिंगमधला गुळगुळीत भाग, ज्याला लागून क्रँक फिरत आत येणारं मिश्रण उघडतो-बंद करतो) ओरखडासुद्धा नको.

जेट आधी मोठाच लाव, मग एकेक नंबर खाली ये. फुल थ्रॉटलला क्षणभर चोक ओढ: गाडी अडखळली तर ठीक, उलट जोरात पळाली तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे, पिस्टन सिलिंडरमध्ये धरेल (अडकून बसेल). मिश्रण तपासायला प्लगचा रंग बघायचा तर फुल थ्रॉटलवरच क्लच दाबून इंजिन बंद कर. रमतगमत घरी येऊन काढलेला प्लग काहीच सांगत नाही.

पेट्रोलचा कॉक (टाकीखालची तोटी) जुना असेल तर आधी तो बदल, पेट्रोलच कमी आलं तर जेटचा सगळा हिशेब चुकेल.