वाचकांचे प्रश्न : वेल्श दंतकथा कशा वाचाव्यात?

प्रश्न : ‘मॅबिनोगियन’ या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहातील पात्रे अशी का वागतात, हे कळत नसल्याने वाचन रेंगाळते. काय करावे?

उत्तर : चौदाव्या शतकातील हस्तलिखितांनी जपलेल्या या कथा मनातले विचार उलगडून न सांगता केवळ कृती दाखवतात, म्हणून त्या सावकाश आणि शक्यतो मोठ्याने वाचाव्यात. शोनेड डेव्हिस यांचा २००७चा इंग्रजी अनुवाद त्यासाठी उत्तम आहे. आरंभ ब्रानवेनच्या कथेपासून करावा. सावत्र भावाने केलेल्या आगळिकीची शिक्षा भोगत आयर्लंडच्या राजाची ही राणी स्वयंपाकघरात राबते, खाटिकाची रोजची थप्पड सोसते आणि काथवटीच्या काठावर साळुंकीच्या कुळातला एक पक्षी वाढवून, त्याला बोलायला शिकवून, त्याच्या पंखाला बांधलेले पत्र माहेरी धाडते. तिच्या अश्रूंचा येथे उल्लेखही नाही, आणि मला तरी हा प्रसंग त्यामुळेच अधिक जिव्हारी लागतो.