रिपोर्ट नॉर्मल, मग कंबर का दुखते?

“एमआरआयमध्ये काहीच निघालं नाही. म्हणजे हे दुखणं माझ्या मनाचं आहे का?” जुनाट कंबरदुखी घेऊन आलेल्या बहुतेकांच्या पोटात हा प्रश्न असतो. काही जण विचारतात, बरेच जण गिळून टाकतात.

एका बाईंनी मात्र तो पहिल्याच भेटीत विचारला, तोही रागाने. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दोन वर्षांपूर्वी वजन उचलताना लचक भरली आणि त्यानंतर कंबर कधी मोकळी झालीच नाही. व्यायामाला उभं केलं की त्या अंग आखडून घेत, म्हणून फिजिओथेरपिस्टनी त्यांना माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, पाठवलं होतं. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की आता आपल्याला वेड्यातच काढलं आहे.

मी त्यांना उभं राहून एक हात झटकन वर करायला सांगितलं. हात उचलण्याआधी मेंदू धडाची तयारी करतो. निरोगी माणसात पोटाचा सगळ्यात खोल स्नायू, ट्रान्सव्हर्सस अब्डॉमिनिस, खांद्याच्या स्नायूच्याही आधी आवळला जातो. १९९६ साली पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन या संशोधकांनी दाखवलं, की कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा जागा होतो. पुढे २००८ मध्ये हॉजेस यांच्याच गटाने डोक्यावर चुंबकीय स्पंद देऊन मेंदूतल्या हालचालीच्या भागाचा नकाशा काढला. वारंवार कंबर दुखणाऱ्यांमध्ये या स्नायूची नकाशावरची जागा सरकलेली होती, आणि या सरकण्याचा त्या उशिराशी संबंध दिसला. २०११ मध्ये पाठीच्या दोन स्नायूंबद्दल असंच आढळलं: एरवी मेंदूत वेगवेगळ्या असणाऱ्या त्यांच्या जागा एकमेकींत मिसळल्या होत्या. बोटं एकत्र बांधून पेटी वाजवायला बसावं तशी ही अवस्था. सुटा सूर निघत नाही, सगळी पाठ एकदम ताठ होते.

“म्हणजे माझा मेंदू बिघडलाय?”

“बिघडला नाही. तुम्हाला जपायला शिकलाय, आणि जपणं थांबवायचं राहून गेलंय.”

त्या रडल्या. दुखणं खरं आहे हे कुणीतरी कारणासकट सांगणं हा माझ्या मते उपचाराचाच भाग आहे, आणि तो घाईत उरकू नये. यात आधी काय आणि नंतर काय, दुखण्यामुळे नकाशा बदलतो की उलट, हे इतकं सरळ नाही. तेही मी त्यांना सांगितलं. नकाशा सुधारला की दुखणं संपलं, असंही गणित नाही.

पण तो सुधारू शकतो. २०१० च्या एका अभ्यासात खोल पोटाचा स्नायू सुटा, लक्षपूर्वक आवळण्याचा सराव दोन आठवडे करून घेतला, तेव्हा सरकलेली जागा निरोगी माणसांच्या दिशेने परतली. नुसत्या चालण्याने हा बदल झाला नाही. चालणं पाठीला चांगलंच, फक्त हे काम वेगळं आहे.

व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. माझं काम भीतीचं. वाकायच्या आधी या बाई श्वास रोखायच्या, जबडा आवळायच्या. ते त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. आम्ही भीती वाटणाऱ्या हालचालींची यादी केली आणि सगळ्यात सोपीपासून सुरुवात केली. खुर्चीत बसून पुढे झुकायचं, श्वास चालू ठेवून. त्यांच्या यजमानांना बोलावून एकच विनंती केली: “जप, वाकू नकोस” हे दिवसभर म्हणू नका. प्रेमाने म्हटलं तरी मेंदू त्यातून धोकाच ऐकतो.

हे सगळं डॉक्टरांनी तपासल्यानंतरचं. पायात वाढती कमजोरी, जांघेत बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, ताप किंवा कारणाशिवाय वजन उतरणं, यांपैकी काहीही असेल तर समुपदेशकाकडे नाही, ताबडतोब डॉक्टरांकडे जायचं.

बाईंची कंबर अजूनही काही दिवस दुखते. अशा दिवशी व्यायाम बंद न करता निम्मा करायचा, असं आमचं ठरलं आहे.