ओपन वॉटर झालं, आता सामान काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगचा पहिला कोर्स, नुकताच झालाय, डिसेंबरात अंदमानातलं हॅवलॉक (आताचं स्वराज द्वीप) आणि जमलं तर मार्चमध्ये कर्नाटकातलं नेत्राणी बेट करायचंय, हाताशी 50,000 रुपये आहेत आणि दुकानदार म्हणतोय की बीसीडी (पाण्यात वर-खाली होण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) यांच्यासकट सगळा सेट एकदाच घेऊन टाका. माझं मत: घेऊ नका. ज्याचं माप तुमच्या अंगावर ठरतं ते आधी घ्या, म्हणजे मास्क, बूट, फिन्स (पायात घालायची पाती) आणि वेटसूट, आणि जोडीला डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळेवरून आणखी किती वेळ खाली राहता येईल ते दाखवणारं यंत्र). टाकीला जोडायच्या वस्तू सेंटरवर भाड्यानं मिळतात. निदान 25-30 डाइव्ह होईपर्यंत त्या भाड्यानंच वापरा.

मास्कसाठी मात्र अख्खी दुपार घालवा. किमतीकडे बघू नका, चेहऱ्याला बसतो का ते बघा. पट्टा पुढे काचेवर टाकून, छताकडे तोंड करून मास्क नुसता चेहऱ्यावर ठेवा. कडेनं बोट फिरवा. कपाळाशी, कानशिलाजवळ किंवा नाकाखाली फट लागली तर तो परत द्या. मग तोंडात रेग्युलेटरचा माउथपीस धरून हेच पुन्हा करा, कारण ओठ पुढे आले की गालांचा आकार बदलतो आणि पाणी तिथूनच शिरतं. आता नाकानं अगदी हलका श्वास आत ओढा आणि मान खाली करा. मास्क चिकटून राहिला पाहिजे. जोरात ओढलंत तर कुठलाही मास्क चिकटतो, त्याला काही अर्थ नाही. शेवटी नाक चिमटीत धरून बघा; कान मोकळे करताना बोटं सहज पोचली पाहिजेत. पाण्यात गळायला लागला की नवशिके पट्टा आवळतात, त्यानं सिलिकॉनची कड दुमडते आणि गळती वाढते.

मिशी असेल तर वरच्या ओठाशी थोडं पाणी येणारच. नाकाखालची बारीक पट्टी भादरली की बहुतेकांचं भागतं, नाहीतर तिथे सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन टाळा, पेट्रोलियमचे पदार्थ रबर खराब करतात.

चष्मा असेल तर दोन वेगळ्या काचांचा मास्क घ्या. अशा बऱ्याच मास्कना अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या तयार काचा बसतात. चष्म्याचा सिलिंडर नंबर (तिरकस नंबर) त्यात बहुधा मिळत नाही, म्हणून त्याचा निम्मा भाग मुख्य नंबरात मिळवा: -3 आणि सिलिंडर -1 असेल तर -3.5 ची काच. सिलिंडर जास्त असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा अदृश्य थर असतो, त्यामुळे पहिल्याच डाइव्हला ती धुरकटते आणि माणूस मास्कला शिव्या घालतो. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) काचेला आतून बोटानं चार-पाच मिनिटं चोळा, धुवा, आणि हे तीन-चार वेळा करा. मग काचेवर हाः करून बघा. वाफ ठिगळाठिगळांनी धरली तर थर अजून शिल्लक आहे. मात्र काचेला आतून फॅक्टरीतलंच अँटीफॉग कोटिंग असेल तर टूथपेस्ट लावू नका, ते खरवडून जाईल.

दुसरा मोठा खर्च कॉम्प्युटरचा, आणि तो करण्यासारखाच आहे. भाड्याचं यंत्र रोज बदललं की कालच्या डाइव्हमध्ये अंगात मुरलेला नायट्रोजन त्याला ठाऊक नसतो. ते तुम्हाला ताजातवाना समजून जास्त वेळ दाखवतं. बडीच्या, म्हणजे जोडीदार डायव्हरच्या, कॉम्प्युटरवरही चालत नाही. तो तुमच्यापेक्षा दोन मीटर वर असेल तर त्याचा हिशेब वेगळा. घेताना तीन गोष्टी बघा: आकडे मोठे आणि ठसठशीत, नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजनच्या हवेची) सोय, आणि बॅटरी घरी बदलता येणारी किंवा चार्ज होणारी. टाकीचा दाब दाखवणाऱ्या वायरलेस ट्रान्समीटरवर आत्ता पैसे घालू नका. ‘50 मीटर वॉटरप्रूफ’ लिहिलेलं साधं घड्याळ म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर नव्हे. मॅन्युअल घरीच वाचा. वर येताना बीप वाजला की आपण वेगात येतोय, मिनिटाला 9 मीटरच्या आसपास राहायला हवं, हे बोटीवर शिकायची गोष्ट नाही. पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजय पुरम) परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनी धरा, म्हणजे अंगातला नायट्रोजन निघून जायला वेळ मिळतो. हॅवलॉकच्या फेरीसकट हे गणित तिकीट काढण्याआधीच करायचं.

फिन्स मागून उघडी घ्या आणि आत 3 मिमीचे निओप्रीन बूट. ओहोटीला बोटीपर्यंत खडकाळ पाण्यातून चालावं लागलं तर अनवाणी पायाचे हाल होतात. फिन नेहमी बूट घालूनच मापा. पातं फार कडक असेल तर पोटऱ्यांत गोळे येतात. मध्यम कडक पुरे.

सूट 3 मिमीचा, पूर्ण हातापायांचा. अंदमानचं पाणी 27-30 अंश असतं, तरी पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं अंगातली ऊब खेचतं आणि तिसऱ्या डाइव्हला दात वाजतात. जेलीफिशपासूनही अंग झाकलेलं राहतं. कोरडा असताना गच्च वाटला पाहिजे, पण गळा आवळता कामा नये. कमरेच्या खळग्यात पोकळी राहिली तर तिथे पाणी खेळत राहतं आणि सूट घालून न घातल्यासारखा.

उरलेल्या पैशांत एक एसएमबी, म्हणजे पाण्यावर उभा राहणारा नारिंगी फुगा, 15-20 मीटर दोरीच्या स्पूलसकट घ्या. नेत्राणीला प्रवाहानं बोटीपासून दूर गेलात तर लाटांमध्ये नुसतं डोकं दिसत नाही, फुगा दिसतो. आधी कोणाकडून तरी तो सोडायला शिका. दोरी हातात गुंतली तर फुगा तुम्हालाच वर ओढून नेतो. शिवाय छोटा लाइन कटर घ्या, कोकण किनाऱ्यावर तुटक्या जाळ्या भरपूर. विमानात तो चेक-इन बॅगेत टाका, लिथियम बॅटऱ्या केबिनमध्ये.

रेग्युलेटर थांबवायला का सांगतोय? त्याला वर्षा-दोन वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं, आणि त्या ब्रँडचा सुट्या भागांचा किट व प्रशिक्षित माणूस आपल्याकडे प्रत्येक शहरात नसतो. घ्याल तेव्हा ‘सर्व्हिस कोण करणार’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा. जुना घेत असाल तर फर्स्ट स्टेजच्या (टाकीला जोडायच्या भागाच्या) तोंडाशी असलेला धातूचा फिल्टर बघा. हिरवट असेल तर आत खारं पाणी गेलंय, सोडून द्या. बीसीडीचं गणित वजनाचं: तो एकटाच 3-4 किलो, रेग्युलेटरचा सेट साधारण 3, आणि देशांतर्गत विमानात सामान बहुतेकदा 15 किलो.

तोवर भाड्याचा सेट तपासायला शिका. टाकी उघडण्याआधी माउथपीस तोंडात धरून श्वास ओढा. हवा आत यायला नको. आली तर रेग्युलेटरमधला डायफ्राम (रबरी पडदा) किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. मग टाकी पूर्ण उघडा, प्रेशर गेजकडे बघत पाच-सहा श्वास घ्या. दर श्वासाला काटा खाली झुकून परत वर येत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. बीसीडी टम्म फुगवून पाच मिनिटं ठेवा, आणि इन्फ्लेटरचं (बीसीडीत हवा भरण्याचं) बटण दाबून सोडल्यावर अडकत तर नाही ना बघा. वाळलेल्या मिठानं ते अडकतं आणि पाण्यात बीसीडी आपोआप फुगू लागतो. तसं झालं तर आधी इन्फ्लेटरला हवा आणणारी होज (नळी) ओढून काढा, मग हवा सोडा. आणि एक स्वस्तातला उपाय: स्वतःचा माउथपीस आणि दोन-चार केबल टाय बॅगेत ठेवा, दुसऱ्याच्या दातांचे ठसे चावायला नकोत. तो सेंटरच्या माणसाकडूनच बदलून घ्या.

घरी आल्यावर सगळं अर्धा तास गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. पावसाळ्यात आपल्याकडे चार महिने डाइव्हिंग बंद, सामान कपाटात पडून राहतं आणि ओलसर राहिलं तर बुरशी धरतं. फिनच्या टाचेत कागद कोंबा, सूट रुंद हँगरला टांगा, आणि पारदर्शक सिलिकॉनचा मास्क काळ्या निओप्रीनला चिकटवून ठेवू नका. त्याचे डाग मग निघत नाहीत.