पहाटेचं दुसरं लिटर टाळू नका : वडिलांच्या कोलोनोस्कोपीची तयारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वडील ६५ वर्षांचे, मधुमेह आहे, बद्धकोष्ठता जुनी. शुक्रवारी सकाळी ११ ला कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, आणि पोट साफ करणारी पॉलिथिलीन ग्लायकोलची पावडर २ लिटर पाण्यात घ्यायला दिलीय, अर्धी रात्री आणि अर्धी पहाटे. पहाटे उठवण्यापेक्षा रात्रीच सगळी संपवली तर चालेल का? आणि आदल्या दिवशी उपवासाचं दिलं तर?

दोन्ही नको.

रात्री २ लिटर संपवलं तरी लहान आतड्यातून पित्ताचं चिकट पाणी रात्रभर खाली येत राहतं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला, त्याचा थर बसतो. चपटे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या गाठी, नेमके त्या बाजूला जास्त सापडतात आणि थराखाली सहज निसटतात. पहाटेचं लिटर हा थर धुण्यासाठी असतं. ११ ची वेळ असेल तर ५ ला सुरू करून साडेसहापर्यंत संपवा. त्यानंतर साधं पाणी चालतं, पण तपासणीच्या निदान २ तास आधी तेही बंद. भूलतज्ज्ञांनी याहून जास्त वेळ सांगितला असेल तर त्यांचंच ऐकायचं.

उपवासाच्या पदार्थांचा घोटाळा नेहमीचा आहे. साबुदाण्याच्या खिचडीतलं दाण्याचं कूट, राजगिरा, फळं हे सगळं आतड्यात रेंगाळतं. बिया आणि कूट दुर्बिणीच्या पाणी ओढणाऱ्या नळीत अडकतात, मग डॉक्टरांचा अर्धा वेळ सफाईतच जातो. आधीचे ३ दिवस भाकरी, पालेभाज्या, मटकी, तीळ, शेंगदाणे, पेरू, अंजीर, डाळिंब, टोमॅटो बंद ठेवा. मऊ भात, गाळलेलं वरण, दही, अंडं, पनीर, सालं काढलेला बटाटा, बिनभाजीचा उपमा चालेल. इसबगोलही थांबवायचं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर ५ ते ७ दिवस आधी बंद कराव्या लागतात, कारण त्यांनी शौच काळं आणि चिकट होतं. म्हणून तारीख मिळाल्या दिवशीच डॉक्टरांना त्याबद्दल विचारायला हवं.

गुरुवारी फक्त आरपार दिसणारी पेयं : नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, डाळीचं वरचं निवळ पाणी. ताक त्यात बसत नाही. कोकम सरबत आणि डाळिंबाचा रसही नको. लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

पावडरीचं आख्खं पाकीट एकदम २ लिटरमध्ये विरघळवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. अर्धं पाकीट अंदाजाने काढून १ लिटरमध्ये कालवू नका, प्रमाण चुकतं. साखर घालायची नाही, गाळलेला लिंबाचा रस चालतो. गार करून, स्ट्रॉने, दर १५ मिनिटांनी साधारण २५० मिलिलिटर. मळमळ झाली तर अर्धा तास थांबून सावकाश पुढे चालू करा. हे पाणी अंगात शोषलं जात नाही, आतड्यातून तसंच बाहेर जातं. म्हणून तहानेचं पाणी वेगळं प्यायला हवं. जुलाब बहुधा १ ते ३ तासांत सुरू होतात. पोट टम्म फुगलं, जोराचं दुखलं, उलट्या थांबेनात, तर पिणं थांबवून लगेच हॉस्पिटलला फोन. जुन्या बद्धकोष्ठतेची कल्पना मात्र त्यांना आजच द्या, कदाचित गोळ्या किंवा जास्तीचा डोस लागेल.

शेवटी बाहेर पडणारं पाणी लघवीसारखं पिवळसर, स्वच्छ दिसायला हवं. सकाळी ७ ला ते तपकिरी, गढूळ असेल तर निघण्याआधीच कळवा.

मधुमेहाची औषधं स्वतःच्या मनाने ठरवू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर ती बहुधा ३ दिवस आधी थांबवतात, नाहीतर उपाशीपोटी रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढू शकतात. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनने साखर घसरते. ग्लुकोमीटर हाताशी ठेवा. ७० च्या खाली गेली तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सकाळी तसं झालं असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर बंद की चालू हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. नेहमीच्या गोळ्या पावडरीचं पाणी सुरू करण्याच्या तासभर आत घेतल्या तर त्याही वाहून जाऊ शकतात.

आता पुण्यात राहत असाल तर एक खास अडचण : तयारीचा दिवस गुरुवार, आणि महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बहुतेक वेळा गुरुवारीच बंद ठेवते. बुधवारी बातम्या पाहा, बादल्या आणि पिंप भरून ठेवा. जेट स्प्रे चालू आहे ना तेही बघा. कागदाने सारखं पुसून कातडी सोलवटते, व्हॅसलीन आधीपासूनच लावा. घरापासून हॉस्पिटल लांब असेल तर सकाळच्या गर्दीत विनाशौचालय किती वेळ जाईल याचा हिशेब करूनच दुसऱ्या लिटरची वेळ पुढे-मागे करा. जास्तीचे कपडे सोबत हवेत.

तपासणीसाठी गुंगीचं इंजेक्शन दिलं असेल तर त्यानंतर २४ तास गाडी नाही, स्कूटरसुद्धा नाही; पैशांच्या कागदांवर सहीही नको. वायू आणि फुगल्यासारखं वाटणं साहजिक आहे. आधी दहीभात द्या. पण पोट कडक होऊन दुखलं, ताप आला किंवा रक्त वाहतच राहिलं तर सकाळची वाट न बघता त्याच हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या. पॉलिप काढला असेल तर रक्तस्राव काही दिवसांनीही होऊ शकतो.