कॅनडाच्या लिबरल पक्षाने विरोधात असताना अफगाणिस्तानच्या मोहिमेवरून नेमक्या काय चुका केल्या?

मूळ गोची अशी की ही मोहीम त्यांचीच होती. कंदाहारला सैन्य पाठवायचा निर्णय २००५ मध्ये पॉल मार्टिन यांच्या लिबरल सरकारने घेतला. जानेवारी २००६ मध्ये ते निवडणूक हरले आणि युद्ध पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारकडे गेलं. आता विरोध करावा तर स्वतःच्याच निर्णयाला, आणि न करावा तर विरोधी पक्ष कसले? या कात्रीतून ते शेवटपर्यंत सुटले नाहीत.

हार्परनी ते लगेच हेरलं. मे २००६ मध्ये त्यांनी मोहीम फेब्रुवारी २००९ पर्यंत वाढवायचा ठराव घाईघाईने आणला, चर्चेला जेमतेम सहा तास. त्याच दिवशी कंदाहारजवळ कॅनडाची एक महिला कॅप्टन लढताना मारली गेली होती. ठराव १४९ विरुद्ध १४५ असा निसटता मंजूर झाला, तोही दोनेक डझन लिबरल खासदारांच्या जोरावर. बाजूने मत देणाऱ्यांत पक्षाचे हंगामी नेते बिल ग्रॅहम होते आणि नेतेपदाच्या शर्यतीतले इग्नाटिएफही. मतदानानंतर हार्परनी इग्नाटिएफ यांच्याशी हस्तांदोलन केलं! (आपल्याकडे व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. तिकडे तसा पक्षांतरबंदी कायदा नाही, त्यामुळे फूट अशी चारचौघांत दिसते.) माझ्या मते सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. सरकार अल्पमतातलं होतं. पक्ष एकत्र राहिला असता तर ठराव पडला असता. त्यानंतर ‘हे हार्परचं युद्ध’ म्हणायला तोंडच उरलं नाही.

पुढे ठरावाविरुद्ध मत दिलेले स्टेफान डिऑन नेते झाले. एप्रिल २००७ मध्ये त्यांच्या पक्षाने ‘२००९ नंतर लढाई बंद’ असा ठराव मांडला. तो पडला, कारण सैन्य ताबडतोब परत आणा म्हणणाऱ्या एनडीपीने (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, डावीकडे झुकणारा दुसरा विरोधी पक्ष) चक्क सरकारबरोबर मत दिलं. यात एनडीपीचा आडमुठेपणा होताच, पण मतांची जुळवाजुळव आधी करायला नको?

जानेवारी २००८ मध्ये तर कहर झाला. अफगाणिस्तानचा दौरा करून आलेले डिऑन बोलून गेले की पाकिस्तानला अतिरेक्यांचा बंदोबस्त जमत नसेल तर नाटोच्या हस्तक्षेपाचा विचार करावा लागेल. लढाई थांबवा म्हणणारा नेता नवी आघाडी उघडायची भाषा करतोय! पाकिस्तान चिडलं, मग ‘मला राजनैतिक प्रयत्न म्हणायचे होते’ असा खुलासा. हार्परच्या हाती आयतं कोलीत.

दरम्यान हार्परनी माजी लिबरल उपपंतप्रधान जॉन मॅनली यांनाच मोहिमेचं पुढे काय करायचं ते सुचवणाऱ्या समितीवर बसवलं होतं. समितीने आणखी हजार सैनिक आणि हेलिकॉप्टरं मिळण्याच्या अटीवर मोहीम चालू ठेवायला सांगितलं. आपल्याच घरच्या माणसाचा अहवाल लिबरल फेटाळणार कसा? मार्च २००८ मध्ये २०११ पर्यंतची मुदतवाढ १९८ विरुद्ध ७७ मतांनी मंजूर झाली, लिबरल पक्षाने सरकारच्या बाजूने मत दिलं.

त्या वर्षीच्या निवडणुकीत लिबरल ७७ जागांवर आले, पण त्याचं खापर अफगाणिस्तानवर फोडू नये. तिथे डिऑनच्या कार्बन कराच्या योजनेनेच जास्त नुकसान केलं. अफगाणिस्तानबाबतचं तळ्यात-मळ्यात मात्र पुढेही चालू राहिलं. २०१० मध्ये सरकारने सुमारे ९५० जणांची प्रशिक्षण मोहीम २०१४ पर्यंत जाहीर केली, संसदेत मतदान न घेता. तोवर पक्षाचे नेते झालेल्या इग्नाटिएफ यांनी त्यालाही मान डोलावली.