जन्म मस्कतचा, पासपोर्ट भारताचा: डीव्ही मुलाखतीला पात्रता कशी सिद्ध करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जन्म मस्कतला, बारावी महाराष्ट्र बोर्डातून पुण्यात, नवऱ्याचा जन्म सांगलीचा. अमेरिकेत कायमचं राहण्यासाठीच्या डायव्हर्सिटी व्हिसाच्या (डीव्ही) सोडतीत मुख्य अर्जदार म्हणून तुमचं नाव आलंय आणि नातेवाईक म्हणताहेत, "भारतीयांना डीव्ही मिळतच नाही, वकिलातीतून परत पाठवतील."

नातेवाईकांचं अर्धंच खरं आहे. भारत डीव्हीच्या पात्र देशांच्या यादीत नाही, कारण मागच्या पाच वर्षांत ५० हजारांहून जास्त लोक जिथून अमेरिकेत कायमचे गेले ते देश वगळले जातात. पण डीव्हीत देश ठरतो तो जन्मस्थळावरून, नागरिकत्वावरून नाही. ओमान यादीत आहे, तुमचा जन्म तिथला आहे, म्हणून तुमचा पासपोर्ट भारताचा असला तरी तुम्ही ओमानच्या खात्यात धरल्या जाता. नवरा तुमच्यामागून येणारा अर्जदार, त्याचा जन्म सांगलीचा असल्याने काही बिघडत नाही. उलट, अर्ज त्याच्या नावाने असता आणि देश तुमचा लावला असता, तर प्रवेशिका, म्हणजे सोडतीचा पहिला अर्ज, भरण्याआधी लग्न झालेलं असणं, तुमचं नाव तिच्यात असणं आणि दोघांनी एकदमच अमेरिकेत शिरणं या अटी आल्या असत्या. तुमची वाट सोपी आहे.

पण जे 'जन्मानं' मिळतं ते कागदानं दाखवावं लागतं आणि आपल्याकडे नेमका इथेच गोंधळ असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळाचा रकाना भरताना कितीतरी पालकांनी मूळ गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो. तोच दाखला पुढे पासपोर्टला लावला की पासपोर्टवरही जन्मस्थळ म्हणून गावच येतं. आज आपला पासपोर्ट उघडून तेवढी एक ओळ वाचा. तिथे मस्कत नसेल तर मुलाखतीआधी दुरुस्ती करून घ्या. शाळेचा दाखला चुकीचा असेल तर तो लपवायची गरज नाही, पण तो पुरावा म्हणून पुढेही करू नका.

खरा पुरावा म्हणजे ओमानच्या नागरी नोंदणीचा जन्मदाखला, आई-वडिलांच्या नावांसह. हॉस्पिटलने दिलेली जन्माची चिठ्ठी म्हणजे जन्मदाखला नव्हे. मस्कतच्या भारतीय वकिलातीने जन्मनोंदणी करून दाखला दिला असेल तर तोही सोबत ठेवा, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. ओमानचा दाखला अरबीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल. भाषांतरकाराने 'भाषांतर अचूक आहे आणि मी ते करण्यास सक्षम आहे' असं लिहून सही करायची असते, ती ओळ नसेल तर कागद परत येतो. नवऱ्याचा नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर त्यालाही हाच नियम. मूळ दाखला हरवला असेल तर मस्कतहून नक्कल मागवायला आजच सुरुवात करा, सगळ्या फाइलीत सर्वांत हळू हलणारा कागद हाच.

दुसरी कसोटी शिक्षणाची. ती फक्त मुख्य अर्जदाराला, म्हणजे तुम्हाला लागू आहे. नवरा दहावी पास असला तरी चालतो. प्राथमिक ते उच्च माध्यमिक असं बारा वर्षांचं नियमित शिक्षण पूर्ण झालेलं हवं. बोर्डाचं उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रक, दोन्हींच्या मूळ प्रती न्या. प्रमाणपत्र सापडत नसेल तर परीक्षा ज्या विभागीय मंडळातून दिली तिथे दुय्यम प्रत मिळते. पदवी असेल तर तीही न्या, पण पदवी आहे म्हणून बारावीचा कागद घरी ठेवू नका. मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातून बारावी न करताही कितीतरी जण पदवीला गेलेले आहेत, त्यामुळे नुसत्या पदवीवरून बारा वर्षं सिद्ध होत नाहीत. पत्राद्वारे केलेले अभ्यासक्रम आणि समकक्षतेची प्रमाणपत्रं डीव्हीला चालत नाहीत. व्यवसाय अभ्यासक्रमातून बारावी केली असेल तर त्या परीक्षेवर विद्यापीठात पदवीला प्रवेश मिळतो हे दाखवणारा कागद जोडा, अधिकाऱ्याला तेवढंच तपासायचं असतं.

बारावी नसणाऱ्यांसाठी कामाच्या अनुभवाची वाट आहे, पण ती बरीच अरुंद. गेल्या पाच वर्षांतली दोन वर्षं अशा कामात गेलेली हवीत, जे शिकायलाच किमान दोन वर्षं लागतात. हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नसतं. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या ओ-नेट या यादीत तो व्यवसाय चौथ्या किंवा पाचव्या गटात आणि लागणाऱ्या प्रशिक्षणाच्या मापात ७ किंवा अधिक गुणांकाचा असावा लागतो. अकाउंटंट त्यात बसतो, इलेक्ट्रिशियन वीस वर्षं मुरलेला असला तरी तिसऱ्या गटात म्हणून बसत नाही. तुमची बारावी आहे, तेव्हा या फंदात पडूच नका.

जन्मदेश आणि शिक्षण या दोन गोष्टी मुलाखतीत कमी पडल्या तर नंतर भरून काढता येत नाहीत. तिसरी तशीच जीवघेणी गोष्ट म्हणजे मूळ प्रवेशिका. ती भरताना लग्न झालेलं असून नवऱ्याचं नाव टाकलं नसेल, किंवा २१ वर्षांखालचं अविवाहित मूल वगळलं असेल, तर सगळ्या कुटुंबाचा अर्ज बाद होतो. प्रवेशिकेनंतर लग्न झालं असेल तर मात्र नवऱ्याला आता डीएस-२६० मध्ये (निवड झाल्यावर भरायचा ऑनलाइन व्हिसा अर्ज) जोडता येतं. त्या लग्नाकडे अधिकारी बारकाईने बघतात, म्हणून लग्नाच्या आधीपासूनचे फोटो, एकत्र खातं, भाडेकरार असं काही जवळ असू द्या. लग्नाचा दाखला महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या विवाह निबंधकाचा हवा. मंगल कार्यालयाचं किंवा देवस्थानचं प्रमाणपत्र पुरत नाही. आधीचं लग्न मोडलं असेल तर कोर्टाचा हुकूमनामा. स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेला घटस्फोट इथे कागदच नव्हे.

नावांचं म्हणाल तर बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी आणि मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, हे मराठी बायकांच्या बाबतीत नेहमीचंच. विवाह दाखल्यात माहेरचं पूर्ण नाव असेल तर हा दुवा आपोआप जुळतो. नसेल तर नावबदलाचं राजपत्र जोडा. आणि डीएस-२६० मध्ये 'वापरलेली इतर नावे' या प्रश्नाला 'नाही' लिहिलं असेल तर ते दुरुस्त करून घ्या.

पोलिसांचा दाखला १६ वर्षांवरील प्रत्येकाला लागतो. भारतातला पासपोर्ट कार्यालयाकडूनच काढा, स्थानिक पोलीस ठाण्याचा नको. सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या कुठल्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिलं असेल तर त्या देशाचाही हवा. तुम्ही लहानपणीच मस्कत सोडलं असेल तर ओमानचा लागत नाही. नवरा दुबईत सव्वा वर्ष नोकरीला होता असं काही असेल तर अमिरातीचा लागेल.

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडेच, मुलाखतीच्या आधी. लसीकरणाची जुनी कार्डं असतील तर शोधून न्या, नाहीतर डॉक्टर पुन्हा लसी टोचतात. सीलबंद पाकीट दिलं तर फोडू नका. आपल्याकडे खरी भीती क्षयाची. छातीच्या एक्स-रेत जुना डाग दिसला तर थुंकीचं कल्चर होतं आणि त्याला आठ आठवडे लागतात. डीव्हीत ३० सप्टेंबरला अमेरिकेचं आर्थिक वर्ष संपलं की केस मेली, मग चूक कोणाची का असेना. तुमचा केस नंबर (सोडतीतला क्रमांक) मोठा असेल आणि मुलाखत ऑगस्ट-सप्टेंबरात येणार असेल, तर तारीख मिळताच पहिला फोन डॉक्टरला करा.

डीव्हीसाठी कागद आधी केंटकीच्या केंद्राला (डीव्हीच्या केसेस हाताळणारं अमेरिकन परराष्ट्र खात्याचं कार्यालय) पाठवायचे नसतात. मूळ प्रती आणि झेरॉक्स मुलाखतीलाच न्यायच्या. सोबत भेटीचं पत्र, डीएस-२६० ची पोचपावती, पासपोर्ट आणि प्रत्येकाचे २ बाय २ इंचाचे दोन फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय. आय-८६४ हे हमीपत्र डीव्हीला लागत नाही, पण तिथे गेल्यावर पोट कसं भरणार हे विचारतात. बँकेचं स्टेटमेंट, मुदत ठेवी, नोकरीचा प्रस्ताव किंवा तिथल्या नातेवाइकाचं आय-१३४ हे आर्थिक आधाराचं पत्र, यांपैकी जे असेल ते न्या.

फी माणशी ३३० डॉलर, मुलाखतीच्या दिवशी वकिलातीतच भरायची, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. ई-मेलने किंवा फोनवर आधी पैसे मागणारा माणूस ठग. निवड झाली की नाही हे फक्त सरकारी संकेतस्थळावर पुष्टी क्रमांक टाकूनच कळतं. आणखी एक: डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने हा कार्यक्रम स्थगित करत असल्याची घोषणा केली होती. म्हणून तपासणीवर आणि भाषांतरांवर खर्च करण्याआधी अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या पानावर आजची स्थिती वाचा.

मुलाखतीच्या शेवटी २२१ (जी) ची चिठ्ठी हातात आली तर घाबरू नका. एखादा कागद कमी आहे किंवा पडताळणी बाकी आहे, एवढाच तिचा अर्थ. त्यावर लिहिलेलाच कागद, सांगितलेल्याच मार्गाने, जमल्यास त्याच आठवड्यात द्या. व्हिसा मिळाल्यावर नवरा तुमच्यासोबत किंवा तुमच्यानंतर जाऊ शकतो, आधी नाही. आणि तो नंतर जाणार असला तरी त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसाही ३० सप्टेंबरच्या आतच छापलेला हवा.